पीसगळ, थंडी आणि झाडीपट्टीतील आजारी कोंबडी

पक्ष्याच्या अंगावरची जुनी, झिजलेली पिसे ठरावीक काळाने गळून त्यांच्या जागी नवी पिसे येण्याच्या क्रियेला पीसगळ म्हणतात. साप कात टाकतो तशीच ही शरीराची नियमित दुरुस्ती असून ती आजारात मोडत नाही. तरीही झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत परसातल्या कोंबड्या जेव्हा सर्वांत जास्त दगावतात, त्या काळात पीसगळीचे महिने मोडतात, आणि या मरणाचे कारण विचारले की बहुतेक घरांतून ‘थंडी लागली’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या भागातील हिवाळा निरोगी, पूर्ण पिसांच्या कोंबडीला मारण्याइतका कडक नसतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा २८ अंशांच्या घरात जातो, आणि धडधाकट गावठी कोंबडी एवढा फरक सहज सोसते. कोंबडी मरते ती अंग उघडे पडलेले असताना, नवी पिसे घडवण्यासाठी शरीर आतून रिकामे होत असताना आणि नेमक्या त्याच वेळी तिच्या चाऱ्यातला कस संपलेला असताना. या तीन गोष्टी एकाच महिन्यात कशा येऊन भिडतात हे समजल्याशिवाय आजारी कोंबडीची शुश्रूषा नीट करता येत नाही.

पीसगळीची सुरुवात थंडीमुळे होत नाही, ती दिवस लहान होऊ लागल्याने होते. चंद्रपूर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये येथे सव्वातेरा तासांचा असणारा दिवस डिसेंबरात अकरा तासांच्या खाली येतो. प्रकाशाचे हे घटणारे प्रमाण कोंबडीच्या मेंदूला कळते, अंडी घालण्यास चालना देणारी संप्रेरके, म्हणजे रक्तातून फिरणारे शरीराचे संदेशवाहक, ओसरतात, गळ्यातील अवटू ग्रंथीचे काम वाढते आणि जुन्या पिसांच्या मुळाशी नवी पिसे धरू लागतात, ती जुन्यांना बाहेर ढकलतात. दसऱ्यानंतर सुरू झालेली ही क्रिया काही कोंबड्यांत दोन महिन्यांत आटोपते, तर काहींत चार महिनेही रेंगाळते. गावठी कोंबड्या वर्षभरात अनेकदा खुडूक बसतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, आणि पिले वाढवतात, म्हणून सगळ्या कोंबड्या एकाच आठवड्यात पिसे टाकत नाहीत. पिले सांभाळून नुकतीच मोकळी झालेली, आधीच खंगलेली कोंबडी याच सुमारास पीसगळीत सापडली, तर तिच्यावरचा भार दुप्पट होतो.

ठरावीक ऋतूत पिसे टाकण्याचा हा गुण कोंबडीला तिच्या रानटी पूर्वजाकडून आला आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेल्या लाल रानकोंबड्याचा नर विणीचा हंगाम संपला की पावसाळ्याच्या दिवसांत मानेवरची झगझगीत सोनेरी-तांबडी पिसे टाकतो, त्या जागी काही काळ आखूड काळसर पिसे वागवतो आणि त्या अवधीत मुकाट राहतो. दक्षिणेकडचा राखी रानकोंबडा आणि ईशान्येकडचा लाल रानकोंबडा यांच्या प्रदेशांची सीमा गोदावरीच्या आसपास येते, म्हणजे हे दोन्ही जिल्हे त्या सीमेच्या शेजारचेच. रानातला पक्षी पिसे टाकताना झुडपांत दडून राहतो, उड्डाण टाळतो आणि दिवसभर पालापाचोळा उकरून किडे वेचतो. परसातल्या कोंबडीला ही मोकळीक अर्धीच मिळते, आणि ती उरलेली अर्धी मोकळीक पुरवणे हेच माणसाचे काम आहे.

पिसांना किती किंमत पडते, याचा हिशेब मांडला की बाकीच्या गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पिसे केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. माणसाची नखे आणि केसही त्याच जातीच्या द्रव्याचे असतात. पिसाच्या वजनातला सुमारे नऊ-दशांश भाग प्रथिनांचा असतो आणि त्या प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्लांचे, म्हणजे गंधक धारण करणाऱ्या प्रथिन-घटकांचे, प्रमाण मोठे असते. सव्वा किलो वजनाच्या गावठी कोंबडीच्या अंगावर साधारण ७५ ग्रॅम पिसे असतात असे धरले, तर त्यांत ६५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने अडकलेली असतात. गावठी कोंबडीच्या एका अंड्यात सुमारे ५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे नवा पिसारा घडवणे हे शरीराच्या दृष्टीने १३ अंडी घालण्याइतके काम ठरते, आणि गावठी कोंबडी एका वेताला, एका बैठकीला जेवढी अंडी घालते त्यांची संख्याही साधारण तेवढीच असते. या काळात अंडी थांबतात ती याच कारणाने. अंड्यांसाठी असलेला माल पिसांकडे वळवला गेलेला असतो. अंडी देत नाही म्हणून ‘बसून खाणारी’ ठरवून अशी कोंबडी आठवडी बाजारात कमी भावात विकली जाते किंवा सरळ कापली जाते, आणि घरातली सर्वांत चांगली अंडी देणारी कोंबडी अनेकदा अशीच हातची जाते, कारण भरपूर अंडी देणारी कोंबडी उशिरा पिसे टाकते आणि एकदम टाकते, म्हणून ती ऐन थंडीत सर्वांत भकास दिसते.

या ठिकाणी झाडीपट्टीचे ऋतुचक्र लक्षात घ्यावे लागते. पावसाळ्यात वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावतीच्या खोऱ्यांतल्या गावांत जमीन किड्यांनी, गांडुळांनी, गोगलगायींनी आणि उधईने, म्हणजे वाळवीने, भरलेली असते. कोंबडी स्वतःच पोट भरते आणि तिच्या आहारात प्राणिज प्रथिनांची रेलचेल असते. कार्तिक उजाडला की जमीन सुकते, किडे खोल जातात, बांधावरचे गवत वाळते. त्याच वेळी धान कापले जाते, खळी भरतात, आणि कोंबड्यांसमोर सांडलेल्या धानाचे, कणीचे आणि कोंड्याचे ढीग पडतात. घरधनिणीला वाटते की वर्षातले हे सर्वांत सुबत्तेचे दिवस आहेत, आणि पोटाच्या दृष्टीने ते खरेही असते. गळ्याखालची खाद्यपिशवी रोज संध्याकाळी टच्च भरलेली लागते. परंतु तांदळाच्या कणीत प्रथिने जेमतेम सात-आठ टक्के असतात आणि पिसांना लागणारे गंधकयुक्त घटक त्यांतही थोडेच, तर पिसे घडवणाऱ्या कोंबडीला किमान सोळा ते अठरा टक्के प्रथिनांचा आहार हवा असतो. भरल्या पोटी होणारी ही उपासमार डोळ्यांना दिसत नाही. ती हाताला लागते. कोंबडी उचलून छातीवरून बोटे फिरवली आणि मधले उरोस्थीचे हाड कोयत्याच्या धारेसारखे टोचू लागले, दोन्ही बाजूंचे मांस खोलगट लागले, तर तिची उपासमार चालू आहे असे समजावे, मग तिची खाद्यपिशवी कितीही भरलेली असो.

यावरचा उपाय महागड्या खाद्याच्या पोत्यात शोधण्याची गरज नाही. आठवडी बाजारातली सुकट किंवा सुके झिंगे कुटून कणीत मिसळणे, मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या किंवा बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, बारीक मासळीचा उरलेला भाग शिजवून घालणे, भाजलेले तीळ भरडून मुठीने देणे, उकडलेले अंडे कवचासकट चुरून चारणे, शेवग्याचा हिरवा पाला टांगून ठेवणे हे सगळे घरातल्या घरात जमणारे आहे. मासळी, अंडे आणि तीळ यांत पिसांना हवे असलेले गंधकयुक्त घटक विशेष असतात, डाळींत ते कमी असतात. म्हणून नुसती चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, घालून भागत नाही, पण चुनी आणि तीळ एकत्र घातले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. उधई हे तर या प्रदेशाचे खास खाद्य आहे. ओल्या शेणात कालवलेले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, एका जुन्या मडक्यात भरून ते वारुळाच्या तोंडाशी पालथे घातले, तर रात्रभरात उधई त्यात चढते आणि सकाळी मडके आंगणात झटकले की कोंबड्या त्यावर तुटून पडतात. दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहावे लागते. लाखोळीची डाळ या भागात मुबलक असली, तरी तिच्यात मज्जातंतूंना घातक असा घटक असतो, त्यामुळे ती कच्ची आणि भरमसाट देऊ नये. आणि बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड किंवा भिजलेला मका कोंबडीच्या यकृताला इजा करतो, म्हणून वास आंबूस आला की तो सरळ खताच्या खड्ड्यात टाकावा.

पीसगळ आणि आजार यांतला फरक ओळखणे हा शुश्रूषेचा पहिला आणि सर्वांत कठीण भाग आहे. नैसर्गिक पीसगळ एका ठरलेल्या क्रमाने होते. प्रथम डोके आणि मान, मग छाती, पाठ आणि अंग, त्यानंतर पंख आणि शेवटी शेपूट असा तो क्रम असतो आणि तो डाव्या-उजव्या बाजूंना जवळजवळ सारखा चालतो. पंख उलगडून पाहिला तर हे अगदी स्पष्ट दिसते. पंखाच्या टोकाकडे १० लांब पिसे असतात, त्यांना प्राथमिक पिसे म्हणतात. ती आणि आतली पिसे यांच्यामध्ये एक आखूड पीस असते, आणि गळती या आखूड पिसाच्या शेजारून सुरू होऊन एकेक करीत टोकाकडे सरकते. जुनी पिसे मळकट, कडा झिजलेली, तर नवी तकाकी असलेली दिसतात, आणि या दोहोंच्या मधोमध मेणचट पातळ आवरणात गुंडाळलेली, सुईसारखी टोकदार नवी पिसे उभी असतात. या सुईपिसांच्या आत वाढ चालू असेपर्यंत रक्त वाहत असते. त्यांना हाताचा धक्का लागला तरी कोंबडीला दुखते आणि एखादे मोडले तर भळाभळा रक्त येते. अशा वेळी स्वच्छ फडक्याने दाब देऊन वर कोरडे पीठ किंवा हळद दाबावी. पीसगळीतल्या कोंबडीला उगीच पकडू नये, मुलांना तिच्यामागे धावू देऊ नये, असे म्हटले जाते त्यामागे हेच कारण आहे.

पिसे गळण्याची इतर कारणे याच्या उलट, अनियमित खुणा ठेवून जातात. फक्त पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे गेली असतील तर ते बहुधा कोंबड्याच्या पंजांचे आणि चोचीचे काम असते. छातीच्या खालचा पट्टा उघडा असेल तर कोंबडी खुडूक बसताना स्वतःच तो उपटते. गुदद्वाराभोवतीची त्वचा लाल, खपल्या धरलेली आणि पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे पुंजके असतील, तर उवा झालेल्या असतात. पाच-सहा महिन्यांच्या तलंगेला, म्हणजे पहिल्यांदा अंड्यावर येऊ लागलेल्या कोवळ्या कोंबडीला, पहिल्या हिवाळ्यात सहसा पूर्ण पीसगळ होत नाही, त्यामुळे तिची पिसे जात असतील तर कारण बाहेर शोधावे. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या बांबूच्या सांध्यांत पाहिल्यास दिवसा कुठेच न दिसणारे लाल कोळी आणि गोचीड रांगेने कोंबडीकडे निघालेले आढळतात. ते रक्त पितात, आणि पिसांसाठी रक्त लागत असलेल्या कोंबडीला हा तोटा परवडत नाही. शिवाय कोंबड्यांच्या गोचीडांमुळे एक जंतुज तापही पसरतो, त्यात कोंबडी सुस्त होते आणि हिरवट हगते. खुराडे मोकळे करून उन्हात वाळवणे, फटींत उकळते पाणी ओतणे, नंतर भिंतींना चुना देणे, आणि कोंबड्यांना अंग घोळायला चुलीची चाळलेली राख कोरड्या मातीत मिसळून ठेवणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे. वरोरा, राजुरा, कोरपना या कापूसपट्ट्यांतल्या गावांत कपाशीवर मारायचे औषध पातळ करून कोंबडीच्या अंगावर शिंपडण्याचा जो प्रकार होतो, तो मात्र तातडीने थांबला पाहिजे. उघड्या कातडीतून ते विष थेट रक्तात उतरते आणि अंड्यामांसातून माणसाच्या ताटातही येते.

आजारी कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळ्याला इतर कोंबड्या टोचतात आणि शिकारी प्राणी नेमका त्यालाच टिपतो, म्हणून उभे राहण्याचे बळ असेपर्यंत ती चोच जमिनीवर आपटत खाण्याचे नाटक करते. त्यामुळे खाणे मंदावले हे दिसेपर्यंत दोन-तीन दिवस वाया गेलेले असतात. पीसगळीतल्या निरोगी कोंबडीचा तुरा आक्रसतो आणि फिकट होतो, ती एकलकोंडी होते, पण तिचे डोळे गोल आणि उघडे राहतात आणि दाणे टाकले की ती येते. भर दुपारी उन्हात अंग फुलवून, मान आत ओढून, डोळे मिटून उभी असलेली, शेपूट खाली सोडलेली, पंख ओघळलेली कोंबडी आजारीच समजावी. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर कोणती शेवटी उतरते आणि तिच्या खालची विष्ठा कशी आहे, या दोन गोष्टींकडे रोज क्षणभर लक्ष दिले, तर बहुतेक आजार पहिल्याच दिवशी हाती लागतात.

असे लक्षण दिसताच कोंबडी वेगळी करावी. त्यासाठी जुने डाल, म्हणजे बांबूची मोठी टोपली, पुरते. तळाशी चार बोटे कोरडे तणस किंवा धानाचा तूस घालून, तीन बाजूंनी पोते गुंडाळून, चौथी बाजू आणि वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवून ते ओसरीत, वाऱ्याच्या आड ठेवावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते, म्हणजे माणसापेक्षा चार अंशांनी जास्त, आणि पिसांत अडकलेली हवा हीच तिची गोधडी असते. ती गोधडी नसताना खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा नुसते अंग तापवण्यात जातो आणि आजाराशी झुंजायला काहीच उरत नाही. म्हणून औषधापूर्वी ऊब, आणि उबेपूर्वी कोरडेपणा, असा क्रम लावावा. वीज असेल तर ६० वॅटचा साधा पिवळा दिवा टोपलीच्या एका बाजूला, दीड-दोन हात अंतरावर टांगावा, म्हणजे नको वाटेल तेव्हा कोंबडीला दुसऱ्या बाजूला सरकता येते. गडचिरोलीतल्या भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या पाड्यांत रात्रीची वीज भरवशाची नसते. तेथे चुलीशेजारी तापवलेली वीट किंवा नदीतला गोटा जाड पोत्यात गुंडाळून तणसाखाली ठेवला तर चार-पाच तास ऊब धरतो आणि मध्यरात्री एकदा बदलता येतो. निखाऱ्यांचे मडके बंद जागेत कधीही ठेवू नये. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडून शरीरभर हवेच्या पातळ पिशव्या असतात, त्यामुळे धूर आणि विषारी वायू त्याला माणसाच्या कितीतरी आधी मारतात. कोंबडी चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली, पंख अंगापासून दूर धरू लागली, तर ऊब जास्त झाली असे समजावे.

पाणी हा यानंतरचा मुद्दा आहे, आणि तो चाऱ्यापेक्षा मोठा आहे. लिटरभर कोमट पाण्यात लिंबाएवढा गूळ आणि केवळ चिमूटभर मीठ विरघळवून ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मीठ जास्त झाले तर कोंबडीला ते विषासारखे बाधते. पाणी पाजताना होणारी एक चूक फार कोंबड्यांचा जीव घेते. चोच उघडून आत पाहिले तर जिभेच्या मुळाशी एक उभी फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनलिकेचे तोंड असते. चमच्याने घशात ओतलेले पाणी याच फटीतून फुप्फुसात जाते आणि कोंबडी जागीच गुदमरते किंवा दोन दिवसांत न्यूमोनियाने जाते. म्हणून चोचीच्या कडेला बोटाने एकेक थेंब लावावा, कोंबडी स्वतः चोच चाळवते आणि गिळते. ती गिळू लागली की मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग आणि कुटलेली सुकट यांचे हरभऱ्याएवढे गोळे करून तिच्या समोर ठेवावे. अख्खे धान या अवस्थेत देऊ नये; ते दळायचे काम पेट्याचे, म्हणजे पोटातल्या जाड स्नायूंच्या पिशवीचे असते, आणि आजारी कोंबडीचा पेटा आधीच मंदावलेला असतो. सकाळी, रात्रभर काही खाल्लेले नसताना, खाद्यपिशवी रिकामी लागली पाहिजे. ती तेव्हाही पिठाच्या गोळ्यासारखी भरलेली किंवा आंबट वासाची लागत असेल, तर चारा थांबवून दिवसभर फक्त पाणी द्यावे.

एवढ्या शुश्रूषेने सुधारणारी कोंबडी साधारण दोन दिवसांत डोळे उघडून उभी राहते. ती सुधारत नसेल किंवा एकीच्या मागोमाग दुसरी पडत असेल, तर प्रकरण थंडीचे आणि पीसगळीचे उरत नाही. हिरवी-पांढरी हगवण, तोंड उघडून घरघर करीत श्वास, आणि जगल्यावाचल्यात मान पिळवटणे ही राणीखेत रोगाची लक्षणे आहेत. मराठीत त्याला ‘मानमोडी’ म्हणतात ते याच पिळवटलेल्या मानेवरून. हा विषाणुजन्य रोग भारतात १९२७ साली कुमाऊँमधील राणीखेत येथे प्रथम नोंदवला गेला म्हणून त्याला ते नाव पडले. त्यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, आणि आठ आठवड्यांनंतर मुक्तेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत, असा तिचा क्रम असतो. खरी अडचण लसीच्या बाटलीची आहे. १०० किंवा त्याहून अधिक मात्रांची बाटली एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर ती थंड ठेवावी लागते, तर एका घरात कोंबड्या असतात आठ-दहा. म्हणून टोल्यावरच्या सगळ्या घरांनी एकाच पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, लस टोचून घेणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो, आणि उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसख्या, म्हणजे पशुपालनात मदत करणाऱ्या गावातल्याच महिला, जेथे हे काम अंगावर घेतात तेथे ते शक्यही होते. ही लस दसऱ्याच्या आधीच टोचावी. ऐन पीसगळीत किंवा आजारात टोचलेली लस अंगी लागत नाही आणि कोंबडीला आणखी ढकलते. दूर पाड्यांसाठी उष्णता सोसणारी आय-टू नावाची लस जगातील अनेक गरीब देशांत खेडोपाडी वापरली गेली आहे, आणि बर्फाची पेटी न पोचणाऱ्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्याला अशा लसीची जेवढी गरज आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

हिवाळ्यात रोग पसरण्याचे आणखी एक कारण सामाजिक आहे. दिवाळीनंतर मंडया आणि यात्रा भरतात, पाहुणे येतात, आठवडी बाजारात कोंबड्यांची उलाढाल वाढते, आणि जुगाराच्या कोंबडबाजारांत (कोंबड्यांच्या झुंजींत), जे कायद्याने गुन्हा आहेत, गावोगावचे कोंबडे एकमेकांच्या रक्ताने माखून घरी परततात. बाहेरून आणलेला कोणताही पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा हा नियम पाळला गेला, तर मानमोडीचे निम्मे फेरे वाटेतच अडतील. एकाच दिवसात अनेक कोंबड्या लक्षणांशिवाय पटापट पडल्या किंवा तुरे आणि पाय जांभळे झाले, तर मात्र बर्ड फ्लूची शंका घ्यावी. जानेवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली गावात हा रोग आढळला होता, आणि त्याच्याच थोडे आधी नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात चंद्रपूर भागातून नेलेले वाघ याच विषाणूने दगावले होते. अशा वेळी शुश्रूषा करू नये, मेलेली कोंबडी शिजवू नये, नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला फेकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे आणि हात साबणाने धुवावे. मरू घातलेली कोंबडी वाया जाऊ नये म्हणून घाईने कापण्याची रीत गरिबीतून आलेली आहे आणि तिला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु तिचा धोका प्रथम कापणाऱ्या बाईच्या हातांना आणि चुलीशी बसलेल्या मुलांना असतो.

पीसगळीला एक लाभाची बाजूही आहे. मोठ्या अंडी-उद्योगात ती मुद्दाम घडवली जाते, कारण त्यानंतर कोंबडी पुन्हा जोमाने अंडी देते; पूर्वी त्यासाठी कोंबड्यांना दिवसेंदिवस उपाशी ठेवले जाई आणि २०११ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने ही उपासमार क्रूरता ठरवून थांबवण्यास सांगितले. विसाव्यानंतर येणारा हा जोम परसातल्या कोंबडीलाही मिळतो, फक्त तिला तोवर जगवावे लागते. गोंडीत कोंबडीला ‘कोर’ म्हणतात, आणि गोंड-माडिया घरांत ती देवाच्या पूजेला लागते, पाहुण्याच्या ताटाला लागते, तेल-मिठाच्या आणि दवाखान्याच्या खर्चालाही लागते. कुणाला न विचारता बाईला मोडता येणारी ती एकमेव ठेव असते. शुश्रूषेच्या प्रश्नाचे वजन त्यामुळे वाढते.

बरी झालेली कोंबडी कळपात परत घालताना घाई करू नये. आठ-दहा दिवसांच्या गैरहजेरीत कळपातील तिची जागा दुसरीने घेतलेली असते आणि अर्धवट वाढलेल्या लाल सुईपिसांवर बाकीच्यांच्या चोची नेमक्या पडतात. आधी दोन दिवस डालासकट तिला कळपाजवळ ठेवावे, मग अंधार पडल्यावर, इतर कोंबड्या बसल्यानंतर, हलकेच दांडीवर त्यांच्या मध्ये बसवावे. दांडी गोल बारीक बांबूची असण्यापेक्षा दोन इंच रुंद, सपाट फळीची असावी, म्हणजे बसलेली कोंबडी छातीखाली पायाची बोटे झाकून घेऊ शकते. खुराड्याची उत्तर आणि पूर्व बाजू तणसाच्या पेंढ्यांनी लिंपावी, पण कवेलूंखालची फट बुजवू नये. आत वाकून श्वास घेतला आणि डोळे झोंबले, तर विष्ठेतला अमोनिया साचला आहे असे समजून त्याच दिवशी तूस बदलावा. माघाच्या मध्यावर दिवस पुन्हा मोठे होऊ लागलेले असतात, उधई वर येऊ लागते, मानेवरची नवी पिसे आवरणातून सुटून चपटी होतात आणि आक्रसलेला तुरा हळूहळू तांबडा होऊ लागतो. तुऱ्याचा हा रंग पालटला की दोन-तीन आठवड्यांत कोंबडी टोपलीतल्या तणसात जागा उकरू लागते, आणि तिच्या आहारात शिंपल्यांचा किंवा अंड्याच्या टरफलांचा चुरा घालायला तेव्हा सुरुवात करावी.